घरी गुणी, मैदानात द्वाड

घरी टेबलावर माझ्या रिमोटवरच्या विमानाचा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, अगदी गुणी बाळ! विमानातल्या रिसीव्हरशी बाइंड होतो, म्हणजे जोडला जातो, चारही चॅनल (स्टिकचे वेगवेगळे हुकूम) चोख. मैदानावर नेला की स्टिक मधोमध असूनही एलेरॉन (पंखावरची हलती पट्टी) थरथरायला लागतं. सल्ले मात्र तयार: ‘रिसीव्हर बदल’, ‘ट्रान्समीटरच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना वायफायचा त्रास होतो’. अरे, या ओसाड माळावर कुठलं आलंय वायफाय? आणि स्टिकचा आकडा ट्रान्समीटरच्या स्वतःच्या स्क्रीनवरच नाचतोय, त्यात बिचाऱ्या रिसीव्हरचा काय संबंध? स्टिकखालचा पोटेन्शिओमीटर (स्टिक किती हलली ते मोजणारा भाग) झिजलाय, दुसरं काही नाही. काँटॅक्ट क्लीनर मारला की थोडे दिवस बरा, मग पुन्हा तेच रडगाणं. हॉल सेन्सरवाले, म्हणजे चुंबकाच्या मदतीने न घासता मोजणारे गिंबल (स्टिकचे सांगाडे) बसवावेत म्हटलं, तर या मॉडेलला ते मिळतच नाहीत. दुकानदार म्हणतो, ‘नवाच घ्या ना साहेब!’ हो, पैसे झाडाला लागलेत ना माझ्याकडे!