मावशींनी बुजवलेली गॅप

मे महिन्यात नागपुरात वाइंडिंगवाल्याकडे कूलरच्या मोटरीशिवाय दुसरं काहीही घेऊन जाऊ नये. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी गेलोच असतो, कारण तोवर माझ्या अंगात व्हॉल्व्ह संचारला होता.

झालं असं, की दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांचा जुना रेडिओ खाली आला आणि त्यातला ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी, लावून पाहिला तर चक्क पेटला. बाकीचा रेडिओ मेलेला. त्या एका लालसर उजेडापायी मी घरीच स्टिरिओ ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. दोन ईएल ८४, त्यांच्यापुढे एक ईसीसी ८३, चहाच्या ट्रेएवढा ॲल्युमिनियमचा चॅसिस. बर्डीच्या बाजारात पायपीट केली. जिथं एके काळी रेझिस्टर मोजून मिळायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तरी सगळं जमलं. अडलं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरला पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. तो मला हवा तसा तयार मिळेना, गुंडाळून घ्यावा लागणार होता. म्हणून महाल भागातल्या एका गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेलो.

दुकानात स्टुलं दोन. एकावर मिस्त्रींचा पोरगा मोबाइल बघत बसलेला, दुसऱ्यावर एक मावशी. मांडीवर कूलरची मोटर, तिच्यावर पदर, नातवाला झळ लागू नये तसा. बाहेर नवतपा, मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस.

"काय आणलं रे बाबू?" मावशी म्हणाल्या. मी बावन्न वर्षांचा आहे.

"ट्रान्सफॉर्मर करून घ्यायचाय, मावशी."

"स्टॅबिलायझरचा?"

"नाही, ॲम्प्लिफायरचा."

"डीजे लावतं काय?"

"नाही हो. घरी गाणी ऐकायला."

"काहून? तुह्याजवळ मोबाइल नाही?"

"आहे ना. पण हा व्हॉल्व्हचा आहे."

"सायकलच्या?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण छंदी माणसाला कुणी प्रश्न विचारला की त्याचं भान सुटतं. मी त्यांना जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या आठवून दिल्या. मावशींचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्या सासऱ्यांकडे होता म्हणे तसला रेडिओ. पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागे. बटण दाबलं की आधी तापायचा, मग बोलायचा. "आमची मांजर त्याच्यावरच झोपे, हिवाळ्यात." आणि मग त्या थांबल्या. काहीतरी गणित जुळलं असावं.

"म्हणजे गरम होते तो."

"होतो थोडा."

"आता महिना कोणता चालू आहे, बाबू?"

"मे."

"मंग काहून बनवून राहिला?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये ऑडियन बनवला, म्हणजे या सगळ्या नळ्यांचा आजोबा. तो नेमका कसा चालतो हे त्याला स्वतःला कित्येक वर्षं धड सांगता येत नव्हतं म्हणतात. पण त्याला मावशी भेटल्या नव्हत्या.

"किती वॅटचा आहे?"

"पाच."

"पाचशे?"

"पाच. एका बाजूला पाच."

मावशींनी आत तोंड करून आवाज दिला, "मास्तर, याले पाचच पाहिजे म्हणते!" दुकानातल्या गिऱ्हाइकांनी मला नीट बघून घेतलं. पाच वॅट घरात ऐकायला रग्गड होतात, हे मी सांगायला गेलो नाही. खरं तर प्रत्येक ईएल ८४ पाच वॅट आवाज काढायला बारा वॅट नुसता तापतो, वर पेटायला पावणेपाच वॅट वेगळे. आणि क्लास ए, म्हणजे करंट सतत चालू ठेवणारी पद्धत, असल्यामुळे गाणं वाजो न वाजो, तो तेवढाच तापणार. काही नोकऱ्या असतात तशा. हे कळलं असतं तर मावशींनी मला हाताला धरून घरी पोचवलं असतं.

खरं संकट पुढेच होतं. मी मिस्त्रींना स्वच्छ मराठीत कागद लिहून दिला होता. प्रायमरी (व्हॉल्व्हकडची तार) २,५०० टर्न, म्हणजे वेढे, सेकंडरी (स्पीकरकडची) ९८, मधूनमधून एकमेकांत गुंफून. आणि खाली दोन वेळा अधोरेखित: 'ई' आकाराच्या सगळ्या लोखंडी पट्ट्या एका बाजूनं, 'आय' आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूनं, मध्ये ०.१ मिलिमीटर कागद.

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "भाऊ, अशी गॅप ठेवली तर भणभण करते. पट्टी उलटसुलट भरा लागते."

मी समजावलं. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये करंट पुढे-मागे जातो. इथं व्हॉल्व्हचा सुमारे ४८ मिलिअँपिअर करंट सतत एकाच दिशेनं वाहतो. गॅप नसेल तर लोखंडाचं पोट त्यानंच भरून जातं, गाण्याला जागा उरत नाही. खर्ज बुडतो. मिस्त्री ऐकत होते. अगदी पटत आलं होतं. तेवढ्यात मावशी मध्ये पडल्या.

"काहून ठेवतं रे फट? फट राहिली का झुरळ शिरते. आमच्या कूलरात पाल शिरली होती मागच्या साली."

"मावशी, एक दशांश मिलिमीटर..."

"लहान असते झुरळाचं पिल्लू. मास्तर, तुम्ही आपलं घट्ट भरून द्या जी. पोराचे पैसे वाया जातीन."

मिस्त्रींनी मान हलवली. ती मान कुणासाठी हलली हे मला त्या क्षणी कळलं नाही. इथंच मी फसलो.

चार दिवसांनी ट्रान्सफॉर्मर हाती आले. व्हार्निशमध्ये बुडवून पत्र्यावर वाळवलेले. मेमध्ये इथं भट्टीचा खर्च नाही. वजनदार, चकचकीत, उसाच्या रसासारखा वास. बिलावर लिहिलं होतं, 'कूलर ट्रान्सफार्मर, २ नग'. ते मी गिळलं.

रात्री कूलर बंद करून सोल्डरिंगला बसलो, कारण त्याच्या वाऱ्यानं सोल्डरचा थेंब पसरायच्या आत थिजतो. कूलर बंद केला की घाम हातावरून थेट चॅसिसवर. खाली २५० व्होल्ट. एक हात खिशात ठेवून काम करावं, असं जुने रेडिओवाले सांगायचे. त्यांच्या बर्म्युडाला खिसे असावेत. शेवटी एकदाचा पेटवला आणि जुन्या शास्त्रीय गाण्याची रेकॉर्ड लावली. गायक ठीक, तंबोरा ठीक, तबल्याची चाटसुद्धा टणटणीत. डग्गा नाही. तबलजीनं डावा हात खिशात ठेवला असावा तसं.

एक ट्रान्सफॉर्मर सुरीनं उचकटून पाहिला. पट्ट्या उलटसुलट, घट्ट, झुरळाची काय, मुंगीची पण सोय नाही. व्हार्निशनं चिकटलेल्या पट्ट्या सोडवताना बोट कापलं. कशीबशी गॅप ठेवून तो पुन्हा जुळवला. दुसरा काही केल्या हलेना, म्हणून काल पुन्हा महालात.

"गॅप भरून दिली भाऊ," मिस्त्री खुशीत म्हणाले. "त्याचे जास्तीचे पैसे बी नाही लावले. मावशी म्हणल्या म्हणून."

ट्रान्सफॉर्मर माझा, पैसे माझे, कागद माझा, आणि निर्णय त्या बाईचा, जिला मी आयुष्यात पुन्हा भेटणार नाही! हे नेहमीचंच आहे. न्हाव्याला सांगावं कल्ले ठेव, तर शेजारच्या खुर्चीतला सांगतो की काढले तर बरं दिसतं, आणि निघतात. शिंप्याला सांगावं पँट लांब ठेव, तर तो माझ्या बायकोकडे बघतो. पैसे देणारा सोडून सगळ्यांना मत आहे. काल मला खरंच मोठ्यानं ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? अडीच हजार टर्न हातानं मोजत मशीन फिरवणारा मला तो एकच माणूस सापडलाय. पोराला मोबाइलचं दुकान टाकायचंय. उद्या हे शटर बंद झालं तर मी लोखंडाच्या पट्ट्या घेऊन कुठं जाऊ? म्हणून मी "बरं केलं" म्हणालो आणि दुसरा नग उघडून द्यायचे दीडशे रुपये मोजले. मावशींची मोटर कशी चालतेय, हेही विचारलं. मस्त चालतेय.

काल रात्री दोन्ही बाजू जोडल्या. सुरुवातीला घुंऽऽ असा आवाज. पॉवर ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला, अर्थिंग एका ठिकाणी आणली, घूं कमी झाली. थोडी उरली. तासभर शोधली. मग ॲम्प्लिफायर बंद केला तरी ती होतीच.

कूलर.

उठलो, कूलर बंद केला, रेकॉर्ड लावली. आणि डग्गा आला. दोन्हीकडून. तळहात घासून उठणारा तो घुमारा खोलीभर. मी घामानं निथळत खुर्चीत बसून होतो. मिनिटभर झालं असेल, आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"लाईन गेली काय रे?"

"हो," म्हटलं, आणि कूलर चालू केला.