मारायचं कुणाला, हे ओळखणाऱ्या पेशी

'इम्युनिटी वाढवा' असा मेसेज आला की मला राहवत नाही. वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं? सेप्सिस या संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेत माणूस दगावतो तेव्हा जंतूंइतकंच नुकसान अनेकदा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं बेफाम होऊन केलेलं असतं. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं हात टेकतात. ताकद तिथे कमी नसतेच, ताबा सुटलेला असतो.

म्हणून मला या यंत्रणेच्या ताकदीपेक्षा तिची पारख मोलाची वाटते. अँटिबॉडी हा शब्द कोविडनंतर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण अगदी नवा जंतू शरीरात शिरला, तर कामाच्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर खिंड लढवते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी काही तासांत जखमेपाशी पोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणून आपण नाक मुरडत पुसतो, त्यात बहुतांशी त्याच असतात.

जंतू कधी पाहिलेलाच नसेल, तर तो परका हे कळतं कसं? अनेक जीवाणूंच्या बाह्यकवचात असे रेणू असतात, जे आपल्या पेशींत कधीच नसतात. ते ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची संवेदक प्रथिनं, आपल्याकडे उपजतच आहेत; फळमाशीतल्या टोल नावाच्या जनुकावरून त्यांना 'टोलसारखे' म्हणतात. ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं 1996 मध्ये दाखवलं, की टोल जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकत नाही. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरांत तशाच रिसेप्टरचं काम सापडलं. दोघांनाही 2011 चं नोबेल मिळालं.

माझ्या मते खरी कमाल मात्र नॅचरल किलर पेशींची. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी पृष्ठभागावर एमएचसी-१ नावाचं ओळखपत्र बाळगते आणि आत कोणती प्रथिनं बनताहेत त्याचे तुकडे त्यावर मांडते. टी-पेशी, म्हणजे आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, ते तुकडे वाचतात आणि परका तुकडा दिसला तर त्या पेशीला मारतात. त्यांना चकवायला काही विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी ओळखपत्रच गायब करतात. किलर पेशी नेमकं तेच हेरते. ओळखपत्र दिसलं की तिला आवर बसतो. ते नसेल आणि समोरची पेशी ताणाच्या खुणा दाखवत असेल, तर ती परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिच्या आवरणाला भोकं पाडते, ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत सोडते आणि त्या पेशीला आत्मनाश करायला लावते. 1986 मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवर हे तपासलं. एमएचसी-१ शाबूत असलेल्या कर्करोगपेशींच्या गाठी वाढल्या, ते गमावलेल्या पेशी शरीरानं नाकारल्या. केवढी ही बुद्धी! नसलेली गोष्ट टिपायची!

विषाणूही काही कमी नाहीत. सायटोमेगॅलो विषाणू खरं ओळखपत्र हटवतो आणि त्याच्यासारखा दिसणारा स्वतःचा तोतया रेणू पुढे करतो. पण उंदरांच्या काही जातींतल्या किलर पेशींकडे असा एक रिसेप्टर आहे, जो उंदरांच्या सायटोमेगॅलो विषाणूचा तोतया थेट पकडतो. त्या जाती या संसर्गाला पुरून उरतात.