व्हीएन्व्हचं फोल्डर पेनड्राइव्हवरून चालतं? खुलासा

खानदेशातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पायथन प्रोजेक्टचं व्हीएन्व्ह फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, लॅबच्या मशीनवर टाका, नेटशिवाय जसंच्या तसं चालेल.’ व्हीएन्व्ह म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका प्रोजेक्टपुरती पॅकेजेस (तयार कोडचे संच) वेगळी ठेवणारं फोल्डर. ते असं उचलून नेलं की चालतं, हे चुकीचं आहे.

त्या फोल्डरात पूर्ण पायथन नसतोच. आतली पायव्हीएन्व्ह.सीएफजी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘होम’पुढे तुमच्या मशीनवरच्या मूळ पायथनचा पत्ता दिसेल, बऱ्याचदा तुमच्या युजरनेमसकट. व्हीएन्व्ह चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्येही फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. शिरपूरच्या घरातला पत्ता भुसावळच्या लॅबमध्ये कसा सापडणार? एखाद्याचं चाललंही असेल. दोन्हीकडचे पत्ते आणि पायथन योगायोगाने जुळले, एवढंच.

फोल्डर न्यायचंच नाही. पिप हे पॅकेजेस बसवायचं टूल. ‘पिप फ्रीझ’चं आउटपुट, म्हणजे बसवलेल्या पॅकेजेसची यादी, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीमध्ये घ्या आणि कोडसोबत तेवढी फाइल न्या. तिथे ‘पायथन -एम व्हीएन्व्ह’ने नवं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे नवं व्हीएन्व्ह फोल्डर, बनवून ‘पिप इन्स्टॉल -आर’ चालवा. नेटचा प्रश्न मात्र खरा आहे, सातपुड्याच्या पायथ्याकडे तर विचारूच नका. त्यासाठी आधीच ‘पिप डाउनलोड -आर’ने पॅकेजच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवा, लॅबमध्ये इन्स्टॉल करताना ‘--नो-इंडेक्स’ (नेटवर शोधू नको) आणि ‘--फाइंड-लिंक्स’ (पेनड्राइव्हवरच्या या फोल्डरात शोध) द्या. ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी. पायथन ३.१० साठी उतरवलेलं नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज ३.१२ वर बसत नाही.

त्याच मेसेजमधलं ‘डीॲक्टिव्हेट केलं की सगळं डिलीट होतं’ हेही खोटं. डीॲक्टिव्हेट ही व्हीएन्व्ह बंद करायची कमांड. त्याने टर्मिनलचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी, पूर्ववत होतो. फोल्डर आणि पॅकेजेस जागच्या जागी राहतात.