टेंडन जोडलेलं बोट "सहा आठवडे हलवू नका" हा मेसेज पुढे पाठवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय. बोटाची शीर, म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटून ऑपरेशन झालं की सहा आठवडे बोट अजिबात हलवायचं नाही, नंतर गरम तेलाने चोळून जोर लावून सरळ करायचं, आणि फिजिओ म्हणजे पैसे काढायचे धंदे. मी फिजिओच आहे, हाताचे पेशंट बघते. उसाचा कोयता नाहीतर उद्यमबागेतल्या कारखान्यातला पत्रा लागून आलेला माणूस हाच मेसेज मोबाईलवर दाखवतो तेव्हा जीव तुटतो हो.

आधी ते न हलवायचं बघूया. बोट वाकवणारं टेंडन एका अरुंद नळीतून सरकत असतं. जोडलेली जागा भरून येताना जे नवीन धागे बनतात ते टेंडनलाही धरतात आणि बाजूच्या नळीलाही, आणि बोट तसंच गप्प ठेवलं तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात, मग टाके उत्तम, जखम उत्तम, पण मूठ काही मिटत नाही. रोज टेंडन तीन ते पाच मिलिमीटर सरकलं तरी हे चिकटणं बरंच कमी होतं. एकेकाळी बोटाच्या मुळाकडच्या भागात टेंडन लगेच जोडायलाच सर्जन धजत नव्हते, १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी रबर बँड लावून लवकर हालचाल सुरू केली आणि तिथून चित्र पालटलं.

आता हलवायचं म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, असतो, आत बोटं जरा वाकलेली. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दुसऱ्या हाताने बोट हळूच तळहाताकडे दाबायचं, सोडायचं, आणि नख स्प्लिंटला टेकेल इतकंच सरळ करायचं. स्वतःच्या ताकदीने कधी वाकवायचं ते सर्जन सांगतील.

मेसेजमधलं सहा आठवड्यांचं खरं असतं, पण दुसऱ्याच दुखण्यात. बॉल लागून बोटाचं टोक खाली लोंबतं ना, त्यात टोक सरळ ठेवून सहा ते आठ आठवडे स्प्लिंट काढायचाच नसतो. लहान पोरांचंही तीन-चार आठवडे बांधून ठेवतात कारण ती ऐकत नाहीत, आणि हाड मोडलेलं असेल तरी हिशोब बदलतो. पण तळहाताकडून तुटलेल्या टेंडनला तोच नियम लावला की बोट गेलं.

तेल चोळून जोर लावणं तर सगळ्यात वाईट, कारण सहा आठवड्यांनी टेंडन अजून कच्चंच असतं, झटका दिला तर तुटतं. जड काम बारा आठवड्यांआधी नकोच. व्रणावर हलकी मालिश जखम पूर्ण सुकल्यावर चालते.

पैशाचं म्हणाल तर व्यायाम घरीच करायचा असतो, दर तासाला, आमच्याकडे येणं मधूनमधून फक्त तपासायला. आणि चिकटलेलं बोट सोडवायचं दुसरं ऑपरेशन तीन ते सहा महिने थांबून करतात, त्याचा खर्च वेगळा, आणि त्यानंतरही दुसऱ्या दिवसापासून हेच व्यायाम. कधी कट्कन आवाज येऊन बोट अचानक वाकायचं थांबलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा.