‘मी परवानगी देत नाही’ असं वॉलवर लिहून काहीच थांबत नाही

‘उद्यापासून मेटाचा नवा नियम लागू होतोय. कंपनी तुमचे फोटो वापरू शकेल. आज शेवटची मुदत! माझे फोटो, माहिती, संदेश वापरायची परवानगी मी देत नाही. रोम कायद्यानुसार गोपनीयतेचा भंग हा गुन्हा आहे. शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा.’

या आशयाचा मजकूर तुमच्या नात्यातल्या कुणीतरी आपल्या फेसबुक वॉलवर नक्की टाकलेला असेल. मेटा म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणारी कंपनी. 2012 पासून तो फिरतोय. 2019 मध्ये हॉलिवूड अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स आणि अमेरिकेचे तेव्हाचे ऊर्जामंत्री रिक पेरी यांनी तो इन्स्टाग्रामवर टाकला. 2024 मध्ये ‘गुडबाय मेटा एआय’ म्हणून नवी आवृत्ती आली, ती अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीने टाकली. त्यामुळे आपल्या आत्या-काकांना हसण्याचं काही कारण नाही. आपलं खासगी आयुष्य कुणीतरी वापरतंय ही त्यांची शंका रास्त आहे. मला राग येतो तो त्यांना दिल्या जाणाऱ्या पोकळ उपायाचा.

या मजकुराच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतले दावे एकेक करून पाहू. ‘फेसबुक आता सार्वजनिक संस्था झाली आहे, म्हणून ही नोंद टाका.’ कंपनीचे शेअर 18 मे 2012 रोजी बाजारात आले, एवढाच त्याचा अर्थ. त्याने तुमच्या खात्यातलं काहीही सार्वजनिक झालं नाही.

‘रोम कायदा तुमचं रक्षण करतो.’ 1998 चा रोम करार हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे. तिथे वंशसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे यांचे खटले चालतात. भारत त्याचा सदस्य नाही, अमेरिकाही नाही. फोटोंशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

‘गप्प राहिलात तर ती संमती धरली जाईल.’ संमती तुम्ही खातं उघडतानाच दिली आहे, अटी न वाचता बटण दाबून. फोटोची मालकी तुमचीच राहते, पण तो वापरण्याचा जगभर चालणारा, विनामोबदला आणि पुढे इतरांना देता येणारा परवाना त्या अटींनी कंपनीला मिळतो. गृहकर्जाच्या कागदांवर सह्या केल्यावर सोसायटीच्या फलकावर ‘मला व्याजदर मान्य नाही’ असं लिहून बँक बांधली जात नाही, तसंच हे.

‘तुमचे फोटो जाहिरातीत वापरतील.’ हे मात्र हवेतलं नाही. 2011 मध्ये फेसबुकने ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’ सुरू केल्या. तुम्ही एखाद्या ब्रँडला लाइक केलंत की तुमच्या नाव-फोटोसह त्याची जाहिरात तुमच्या मित्रांना दिसायची. कॅलिफोर्नियात वापरकर्ते कोर्टात गेले आणि 2013 मध्ये 2 कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. तिथे दाद मिळाली ती खटल्यामुळे.

आता मुख्य गोष्ट, जी हा मजकूर कधीच सांगत नाही. तुम्हाला नेमकी जाहिरात दाखवायला कंपनीला तुमच्या सहलीच्या फोटोंची गरजच पडत नाही. असंख्य वेबसाइटवर मेटाचा ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड बसवलेला असतो. तुम्ही कुकर पाहिलात, कार्टमध्ये टाकलात, नंतर सोडून दिलात, हे तो कळवतो. अनेक ॲपही असंच कळवतात. दुसरा रस्ता तर आपल्या तोंडूनच जातो. बिल करताना काउंटरवर ‘मोबाइल नंबर सांगा’ म्हणतात, आपण सांगतो. असे नंबर जमवलेला दुकानदार ती यादी सांकेतिक रूपात मेटाकडे चढवू शकतो. तिथे ती खात्यांशी जुळवली जाते आणि जाहिरात नेमकी तुमच्यापर्यंत येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये दुकानदारांना नंबरचा आग्रह धरू नका असं बजावलं. तरीही आपण नंबर सांगतच राहतो. नाही म्हणायला शिका, बिल नंबराशिवायही होतं. खात्याच्या सुरक्षेसाठी दिलेले नंबरही फेसबुकने जाहिरातींसाठी वापरले, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला. 2019 च्या 5 अब्ज डॉलरच्या दंडाच्या प्रकरणात हाही एक मुद्दा होता.

वॉलवरची घोषणा यातलं काहीही अडवत नाही.

‘टाकून ठेवायला काय जातंय?’ हा सगळ्यात लोकप्रिय युक्तिवाद, आणि मला तोच सर्वात घातक वाटतो. घोषणा टाकली की आपण बंदोबस्त केला असं वाटतं आणि सेटिंग उघडायचं राहून जातं. कायद्याची मागणी करणंही राहून जातं. युरोपात मे 2025 च्या अखेरीस मेटाने लोकांच्या सार्वजनिक पोस्टवर एआय शिकवायला घेतलं, तेव्हा आधी प्रत्येकाला हरकत नोंदवण्याचा फॉर्म द्यावा लागला, कारण तिथे डेटा संरक्षणाचा कडक कायदा आहे आणि तो राबवणारे नियामक आहेत. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. संमती स्पष्ट कृतीने दिलेली असावी आणि देताना जितकी सोपी तितकीच ती मागे घेतानाही सोपी असावी, असं तो म्हणतो. त्याचे नियम यायलाच नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि संमतीची कलमं त्यानंतरही 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. खरा दबाव इथे हवा.

तोवर फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स सेंटर’ उघडा. तिथे तुमच्या माहितीच्या आणि परवानग्यांच्या विभागात, मेटाबाहेरच्या साइट आणि ॲपनी तुमच्याबद्दल काय कळवलं त्याची यादी मिळते. ती आधी वाचा, बरीच नावं ओळखीची निघतील. मग जुनी नोंद पुसा आणि पुढची जोडणी तोडा. जाहिरातींची संख्या याने कमी होणार नाही, आणि त्या साइट मेटाला माहिती पाठवतच राहतील. फक्त ती तुमच्या खात्याला जोडली जाणार नाही. आत्याला हे फोनवर समजावणं कठीण जाईल, तेव्हा पुढच्या भेटीत तिच्या शेजारी बसून करून द्या.