विषाणूला लागणाऱ्या प्रथिनांची यादी आणि एक अति-उत्साही संदेश

सध्या फिरणाऱ्या एका संदेशाचा सारांश असा: विषाणूकडे स्वतःचं काहीच नसतं, तो आपल्या पेशीतली प्रथिनं वापरतो. शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने एकेक जनुक बंद करून त्या प्रथिनांची पूर्ण यादी काढली आहे. ती प्रथिनं औषधाने अडवली की विषाणूला दार बंद. आपली प्रथिनं बदलत नाहीत, म्हणून विषाणू कितीही बदलला तरी औषध निकामी होणार नाही. आणि हे सगळं माहीत असूनही औषध दडवून ठेवलं आहे.

सुरुवात बरीचशी खरी आहे, म्हणूनच पुढचं पटत जातं. इबोलाच्या विषाणूकडे जेमतेम सात जनुकं असतात. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार. पण ‘काहीच नसतं’ हे चूक. एचआयव्ही असो वा हिपॅटायटिस सी, आजची सर्वांत प्रभावी औषधं विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांवरच घाव घालतात.

आता ती ‘पूर्ण यादी’. २००८ मध्ये तीन संशोधन गटांनी आरएनए इंटरफिअरन्सने, म्हणजे जनुकाचा संदेश नष्ट करणाऱ्या क्रिस्परआधीच्या तंत्राने, मानवी जनुकं एकेक करून दडपली आणि एचआयव्हीला कोणती लागतात ते तपासलं. प्रत्येकाच्या यादीत दोनशेच्या वर नावं होती. तिन्ही याद्यांत सामाईक निघाली फक्त तीन! कोणी खोटं काम केलं नव्हतं. पेशी वेगळ्या होत्या, मोजणीची वेळ वेगळी होती, आणि या तंत्रात जनुक पूर्ण बंद होतंच असं नाही, शिवाय भलतंच जनुकही दडपलं जातं. क्रिस्परमध्ये जनुकच तुटतं, त्यामुळे हा गोंधळ बराच कमी झाला. तरी दोन भोकं उरतात. जे जनुक तोडल्यावर पेशीच मरते, ते अशा प्रयोगात सहसा सापडत नाही. आणि ज्याचं काम दुसरं जनुक सांभाळून घेतं, तेही निसटतं.

शिवाय यादी कोणत्या पेशीत काढली, यावर सगळं अवलंबून. याची महागडी शिकवणी २०२० मध्ये झाली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो पेशींत कोरोना विषाणू रोखला. त्या पेशींत विषाणू आम्लधर्मी पिशव्यांतून, कॅथेप्सिन एल या विकराच्या मदतीने आत येतो, आणि औषध तिथली आम्लता घटवतं. फुप्फुसाच्या पेशींवर मात्र टीएमपीआरएसएस२ हे प्रथिन असतं. विषाणू त्याच्या आधारे बाहेरच्या पटलावरूनच आत घुसतो. अशा पेशींत औषधाचा उपयोग झाला नाही. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दाखल रुग्णांनाही झाला नाही.

त्याच वर्षी विषाणूच्या २६ प्रथिनांना चिकटणाऱ्या ३३२ मानवी प्रथिनांचा नकाशा आला, आणि तोच आता ‘विषाणूला लागणारी ३३२ प्रथिनं’ म्हणून पुढे पाठवला जातोय. चिकटणं म्हणजे गरज असणं नव्हे. काही प्रथिनं तर विषाणूला अडवण्यासाठीच त्याला धरतात.

पण मला सर्वांत खटकतो तो ‘दार बंद करा’ हा मुद्दा. ही प्रथिनं विषाणूसाठी ठेवलेली दारं नाहीत. त्यांना आपली कामं आहेत. इबोलाला पेशीत मोकळं व्हायला एनपीसी१ लागतं, हे २०११ मध्ये कळलं. हे प्रथिन पेशीच्या आतल्या लायसोसोम या पचन करणाऱ्या पिशव्यांमधून कोलेस्टेरॉल बाहेर काढतं. ज्यांच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात त्यांच्या पेशींत इबोला शिरकाव करू शकत नाही, हे खरंच आहे. पण त्यांना निमन-पिक सी हा रोग होतो, आणि तो बहुधा लहानपणापासूनच मज्जासंस्था पोखरत जातो. दुसरं उदाहरण एसईटीडी३. हे प्रथिन नसलेले उंदीर पोलिओच्या कुळातल्या एन्टरोविषाणूंना दाद देत नाहीत आणि एरवी ठणठणीत दिसतात. मात्र माद्यांची प्रसूती अडते, कारण हे प्रथिन स्नायूंतल्या ॲक्टिन या प्रथिनावर काम करतं. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींना बाळंतपण नसतं, तेव्हा तिथे हे दिसणार कसं?

संदेशाच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण सीसीआर५चं, म्हणजे एचआयव्ही पेशीत शिरायला वापरतो त्या प्रथिनाचं. त्याच्या जनुकातला ३२ अक्षरांचा तुकडा दोन्ही प्रतींतून गळालेले लोक एरवी निरोगी असतात आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांपासून वाचतात. पण वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर याच लोकांना आजाराचा धोका जास्त आढळला आहे.

‘औषध कधीच निकामी होणार नाही’ या दाव्याचाही निकाल सीसीआर५वरच लागतो. ते अडवणारं मॅराव्हिरॉक अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. विषाणूने दोन वाटा काढल्या. सीसीआर५ सोडून सीएक्ससीआर४ हे दुसरं प्रथिन वापरणारे विषाणू वरचढ झाले. म्हणून हे औषध देण्याआधी रुग्णातला विषाणू कोणत्या प्रथिनाने शिरतो, ते तपासावं लागतं. दुसरी वाट अधिक अचाट: काही विषाणू औषध चिकटलेलं सीसीआर५ही वापरू लागले. आपलं प्रथिन तसंच राहिलं, बदलला तो विषाणू. अशा औषधांना दाद न देणं विषाणूला अनेकदा जास्त अवघड जातं, एवढं मी मान्य करतो. ‘कधीच नाही’ हे त्याच्या फार पुढचं आहे.

राहिलं दडवून ठेवणं. मॅराव्हिरॉक औषधांच्या दुकानात आहे. हिपॅटायटिस बी आणि डी ज्या एनटीसीपी प्रथिनाला धरून यकृताच्या पेशीत शिरतात ते २०१२ मध्ये सापडलं, आणि ते अडवणाऱ्या बुलेव्हिरटाइडला युरोपने २०२० मध्ये हिपॅटायटिस डीसाठी सशर्त मान्यता दिली. टीएमपीआरएसएस२ रोखणारं कॅमोस्टॅट पेशींत चाललं, रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, दाखल रुग्णांना फायदा दिसला नाही, आणि तो निकालही छापून आला.