फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका, चांगली बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवू नका

‘लॅपटॉपची बॅटरी 10 वर्षं टिकवण्याचे पाच उपाय, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत’ हा मेसेज सध्या जळगाव-भुसावळकडच्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. मी सोडून देत होतो. परवा यावलहून भाचीचा फोन आला, “मामा, टचपॅड वर उचलला गेलाय. बॅटरी फुगली वाटतं. पप्पा तो मेसेज वाचून टाचणी शोधताय.” यानंतर गप्प बसणं मला जमणार नाही.

म्हणून पाचवा उपाय आधी. बाकीच्या उपायांनी बॅटरी जाईल, याने माणूस भाजेल. मेसेज म्हणतो, फुगलेल्या बॅटरीला बारीक छिद्र पाडा, हवा निघून ती पूर्ववत होते. आत हवा नसतेच. आतलं द्रावण बिघडून तयार झालेला वायू असतो, आणि ते द्रावण पेट घेणारं असतं. टाचणी आत गेली की दोन थरांमधला कागदाहून पातळ पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं आणि सेल काही क्षणांत पेटू शकतो. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो. बॅटरी फुगली तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण दाबून बसवू नका, गादी-कपड्यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीतही टाकायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आता फ्रीजर. ‘बॅटरी पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेलेले सेल जिवंत होतात.’ मेलेला सेल थंडीने जिवंत होत नाही. उलट बाहेर काढल्यावर आपल्या उन्हाळ्यात तिच्यावर लगेच पाणी सुटतं आणि ते सर्किटमध्ये शिरतं. शून्य अंशाखालची बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर लिथियम धातूच्या रूपात ऋण थरावर साचतं. ते नुकसान भरून येत नाही, आणि पुढे तिथूनच शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. थंडीत बॅटरी हळू म्हातारी होते. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावर एक तक्ता आहे, तो प्रत्येकाने पाहावा. बॅटरी वर्षभर नुसती ठेवली तर किती क्षमता उरते, हे त्यात दिलंय. 25 अंशांना 40 टक्के चार्ज ठेवली तर 96 टक्के क्षमता उरते, पूर्ण चार्ज ठेवली तर 80. तापमान 40 अंश झालं की हेच आकडे 85 आणि 65 होतात. म्हणजे उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्षमता जाते, बॅटरी वापरलीही नसताना.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. पत्र्याच्या खोलीत, गोधडीवर, खालची हवेची जाळी बुजवून, दिवसभर 100 टक्क्यांवर चालणारा लॅपटॉप या तक्त्यात कुठे बसतो ते बघा. खानदेशात बॅटरी मरते ती उन्हाने, आणि त्या पाच उपायांत उन्हाचा एक शब्द नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. लॅपटॉप कडक पाटावर किंवा टेबलावर ठेवा. उन्हात लावलेल्या गाडीत सोडू नका.

‘दर महिन्याला बॅटरी शून्यावर आणा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. आजच्या लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती सोनीने 1991 साली बाजारात आणली, आणि तिला ही सवय घातक आहे. दिवाळीच्या सुट्टीत शून्यावर बंद करून ठेवलेला लॅपटॉप परत आल्यावर चार्जच घेत नाही, तो यामुळेच. कधीतरी 10 टक्क्यांपर्यंत उतरवून पूर्ण भरल्याने स्क्रीनवरचा आकडा बरोबर होतो, क्षमता वाढत नाही.

‘चार्जर लावून काम केलं की ओव्हरचार्ज होते’ हेही खोटं. भरली की सर्किट चार्जिंग थांबवतं. तोटा सतत 100 वर राहण्याचा आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या 80 टक्क्यांवर थांबण्याची सेटिंग देतात. ती चालू करा. चार्जिंग 80 वर थांबतंय म्हणून बॅटरी बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत. आधी ती सेटिंग बघा.

राहिला शेवटचा उपाय, ‘नवीन लॅपटॉप पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’. त्याची गरज नाही.

आणि खरंच बॅकअप कमी झाला असेल तर अंदाज करू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, दोन्ही असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर कोणताही उपाय शोधत बसू नका, बॅटरी बदला. आकडे जवळजवळ सारखे असतील तर बॅटरी ठीक आहे. मग स्क्रीनचा उजेड, मागे चालू राहिलेले प्रोग्रॅम आणि चार्जरची पिन तपासा.